लांब इंग्रजी शब्द फोडून देणारी मोफत साधनं: कुठलं कशाला चालतं

हेलिकॉप्टर या शब्दाचे तुकडे करा म्हटलं तर दोन उत्तरं येतात आणि दोन्ही बरोबर असतात. कानाला चार तुकडे ऐकू येतात: हे, लि, कॉप, टर. अर्थाने पाहिलं तर तुकडे दोनच आहेत. पहिला ‘हेलिको’, म्हणजे मळसूत्रासारखा पीळ. दुसरा ‘प्टर’, म्हणजे पंख. दोन्ही ग्रीक, जोडणी मात्र 1861 मधली फ्रेंच. गंमत अशी की ‘कॉप’ या एका सिलॅबलमध्ये, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यात, पहिल्या घटकाची शेपटी आणि दुसऱ्याचं डोकं एकत्र बसलेलं आहे. म्हणजे तोंड जिथे थांबतं तिथे अर्थ तुटत नाही. त्यात तिसरा प्रश्न छपाईवाल्यांचा: शब्द ओळीत मावला नाही तर हायफन कुठे द्यायचा?

प्रश्न तीन आणि तिघांना नाव एकच, ‘शब्द फोडणं’. या विषयातल्या साधनांबद्दलच्या बहुतेक तक्रारी इथून सुरू होतात. साधन चुकलेलं नसतं, ते भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत असतं. म्हणून मेरियम-वेबस्टर आणि केंब्रिज हे दोन ऑनलाइन शब्दकोश, एटिमॉनलाइन हा व्युत्पत्तिकोश, टेक या अक्षरजुळणी प्रणालीतली हायफन यंत्रणा आणि सिलॅबल मोजून देणारी संकेतस्थळं यांची परीक्षा आम्ही हे तीन प्रश्न वेगळे ठेवून केली आहे.

मेरियम-वेबस्टर: ठिपके आणि रेघा

या कोशात शब्द उघडला की तुकडे दोन ठिकाणी दिसतात. मुख्य शब्दात अक्षरांच्या मध्ये ठिपके असतात आणि उच्चाराच्या ओळीत आडव्या रेघा. वाचकाची नजर आधी ठिपक्यांवर जाते आणि तो तेच सिलॅबल समजून वहीत उतरवतो. ठिपक्यांचं काम वेगळं आहे. ओळीच्या शेवटी शब्द कुठे मोडता येईल, एवढंच ते सांगतात. मोडताना एकटं अक्षर ओळीच्या टोकाला किंवा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला लटकू द्यायचं नाही, असा छपाईचा दंडक आहे. त्यामुळे शब्दाच्या सुरुवातीचा किंवा शेवटचा एका अक्षराचा सिलॅबल ठिपक्यांत दिसतच नाही.

‘अबाउट’ पाहा. दोन सिलॅबल, ठिपका एकही नाही, कारण पहिला सिलॅबल म्हणजे नुसतं ए हे अक्षर. ‘सिटी’चंही तेच, तिथे शेवटचं वाय एकटं पडलं असतं. ‘अबिलिटी’चे सिलॅबल चार, ठिपक्यांनी केलेले तुकडे तीन. ‘इव्हॅपोरेट’चंही चारास तीन. मधलं ओ हे अक्षर मात्र दोन ठिपक्यांमध्ये एकटं उभं असतं, कारण दंडक फक्त टोकांना लागू आहे. ‘एरिया’त सिलॅबल तीन आणि ठिपका एकच. ठिपके मोजून त्यात एक मिळवला की सिलॅबलची संख्या मिळते, ही समजूत अशा शब्दांपुढे टिकत नाही.

खरी माहिती उच्चाराच्या ओळीत आहे आणि तिथे हा कोश उत्तम आहे. ‘एज्युकेशन’च्या ठिपक्यांत ई आणि डी एकत्र असून यू वेगळं पडतं, उच्चाराच्या ओळीत पहिला सिलॅबल नुसता ‘ए’, दुसरा ‘ज’, कारण डी आणि यू मिळून तोंडात ज झालेला असतो. ‘डिक्शनरी’चे ठिपक्यांचे तुकडे तीन, उच्चाराचे चार. ‘कम्फर्टेबल’ तर बघण्यासारखा आहे. ठिपक्यांचे तुकडे तीन आणि रोजच्या उच्चाराचेही तीनच, पण जोड वेगळ्या जागी. ठिपक्यांत मधला तुकडा ‘फोर्ट’ असा अखंड दिसतो, बोलताना मात्र तो कुठेच नसतो.

उच्चाराची ओळ वाचायला थोडी तयारी लागते. वरची उभी खूण मुख्य आघाताच्या, म्हणजे सर्वांत जोर देऊन उच्चारायच्या, सिलॅबलच्या आधी येते (नंतर नव्हे, हा गोंधळ फार होतो), खालची खूण दुय्यम आघाताची. उलटं लिहिलेलं ई म्हणजे आपल्या ‘अ’सारखा मोकळा स्वर. कंसात टाकलेला आवाज काही लोक उच्चारतात, काही नाही. ‘चॉकलेट’मधला मधला स्वर असाच कंसात आहे, म्हणून तो शब्द दोन सिलॅबलचाही आहे आणि तीनचाही. परीक्षेत एकच संख्या अपेक्षित असते तेव्हा याचा त्रास होतो, पण त्यात कोशाचा दोष नाही.

म्हणून ठिपके निरुपयोगी आहेत असं मात्र नाही. स्पेलिंग शिकताना ते कामाला येतात, कारण दुहेरी व्यंजन असलं की ठिपका बहुधा त्या दोघांच्या मधोमध पडतो. ‘रॅबिट’मध्ये दोन बी आहेत. एक अलीकडे, एक पलीकडे. पहिला तुकडा व्यंजनाने बंद झाला, म्हणून त्यातला स्वर आखूड. ‘बेबी’त बी एकच, तो पलीकडे गेला, पहिला तुकडा स्वरावर उघडा राहिला, म्हणून स्वर लांब. उच्चाराच्या ओळीत रॅबिटचा दुसरा बी दिसत नाही, आवाजात तो नसतोच. ‘रेकॉर्ड’च्या दोन नोंदीही ठिपक्यांसाठी मुद्दाम पाहाव्यात. नाम असताना ठिपका सी या अक्षरानंतर, क्रियापद असताना सीच्या आधी. आघात पहिल्या तुकड्यावर असताना सी त्याला चिकटून राहतो, आघात पुढे सरकला की सीसुद्धा पुढे सरकतो.

केंब्रिज

इथे मुख्य शब्दावर ठिपके नाहीत, त्यामुळे पहिल्या फेरीतली फसगत टळते. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत उच्चार दिलेला असतो आणि त्यातच सिलॅबलच्या सीमेवर टिंब. ब्रिटिश आणि अमेरिकन ध्वनिफिती शेजारी शेजारी. फक्त उच्चार हवा असेल तर आमची पसंती यालाच.

पण दोन्ही कोश एकदम उघडून बसलात तर गोंधळ ठरलेला. ‘सिटी’ मेरियम-वेबस्टरमध्ये ‘सि’ आणि ‘टी’ असा तुटतो, केंब्रिजमध्ये ‘सिट’ आणि ‘इ’ असा. ‘नॅशनल’मध्येही केंब्रिज ‘नॅश’ अखंड ठेवतं. यातलं चूक कोणीच नाही. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन सापडलं की ते कोणाच्या वाट्याला द्यायचं हा करार आहे आणि दोघांनी वेगवेगळा करार केलेला आहे. आघात असलेला आखूड स्वर उघडा राहू नये म्हणून केंब्रिज व्यंजन अलीकडे ओढतं. मेरियम-वेबस्टरची उच्चाराची ओळ ते पुढच्या स्वराला देते. सिलॅबलची संख्या दोन्हीकडे सारखीच येते, आणि कामाची गोष्ट तीच. सीमारेषेवरून भांडण्यात अर्थ नाही. एक कोश धरावा आणि त्यालाच चिकटून राहावं.

ज्यांचं पहिलं वाचन देवनागरीत झालं आहे त्यांच्यासाठी एक सूचना. जोडाक्षर आपण पुढच्या स्वराला बांधून लिहितो: डॉ-क्ट-र. बोलताना मात्र तो डॉक-टर असतो. लांब इंग्रजी शब्द आधी देवनागरीत लिहून काढून मग अक्षरं मोजण्याची सवय असेल तर संख्या आणि सीमा दोन्ही बिघडतात. देवनागरी टिपण उच्चार लक्षात ठेवायला जरूर वापरा, तुकडे पाडायला वापरू नका. तुकडे पाडताना एकच कसोटी: एका सिलॅबलला एकच ऐकू येणारा स्वर. म्हणून भूतकाळी ई-डी लागलेले शब्द ऐकूनच ठरवावे लागतात. ‘वॉन्टेड’मध्ये सिलॅबल वाढतो, कारण मूळ शब्द टी या व्यंजनावर संपतो (डी असता तरी वाढला असता). ‘जम्प्ड’ आणि ‘प्लेड’ मात्र एकेकच सिलॅबलचे राहतात, अक्षरं कितीही वाढली तरी.

एटिमॉनलाइन: अर्थाचे सांधे

डग्लस हार्पर यांनी उभा केलेला हा व्युत्पत्तिकोश उच्चार सांगत नाही आणि हायफनही देत नाही. शब्द कशाकशाचा जुळलेला आहे ते सांगतो. नुसता उपसर्ग टाइप करून त्यापुढे हायफन दिला किंवा प्रत्ययाच्या आधी हायफन दिला, तर त्या घटकाची स्वतंत्र नोंद उघडते. ही सोय अनेकांना ठाऊकच नसते, आणि या साधनाचा अर्धा उपयोग तिथेच आहे.

स्पेलिंगचा एरवी घोकावा लागणारा भाग इथे आपोआप सुटतो. ‘अकॉमोडेशन’मध्ये दोन सी आणि दोन एम का? नोंद वाचली की दिसतं: लॅटिन उपसर्ग ‘अ‍ॅड’, त्यापुढे ‘कॉम’, त्यापुढे माप या अर्थाचा ‘मोडस’. ‘अ‍ॅड’मधला डी पुढच्या सीसारखा होऊन बसला, म्हणून सी दोन. ‘कॉम’चा एक एम आणि ‘मोडस’चा एक, म्हणून एम दोन. डी मात्र एकच, कारण तिथे सांधा नाही. नकाराचा ‘इन’ हा उपसर्गही असाच रंग बदलतो: पीपुढे आणि एमपुढे ‘इम’, एलपुढे ‘इल’, आरपुढे ‘इर’. ‘इल्लीगल’मध्ये एल दोन का आणि ‘इर्रेग्युलर’मध्ये आर दोन का, याचं उत्तर हेच. ‘डिसअपिअर’मध्ये एस एक आणि ‘डिससॅटिस्फाइड’मध्ये दोन, कारण दुसरा एस मूळ शब्दाचा आहे. ‘मिसस्पेल’ हा शब्द लिहिताना चुकणाऱ्यांनाही तोच उतारा.

धोका दोन ठिकाणी आहे. पहिला म्हणजे उपसर्गासारखी दिसणारी अक्षरं. ‘अंकल’मध्ये यू-एन आहेत, पण ‘अन’ हा उपसर्ग नाही. ‘रीझन’ आणि ‘रेडी’मधल्या आर-ईचा ‘पुन्हा’शी काही संबंध नाही. पडताळा सोपा आहे: उपसर्ग काढून उरलेला भाग कोशात सापडतो का, आणि त्याचा अर्थ जुळतो का ते पाहावं. ‘क्ल’ असा शब्द नाही, विषय संपला. पण उरलेला भाग सापडला म्हणून निश्चिंत होऊ नये. ‘इन्फ्लेमेबल’मधून ‘इन’ काढला तर ‘फ्लेमेबल’ हा खरा शब्द उरतो, तरीही तो ‘इन’ नकाराचा नाही. दोन्ही शब्दांचा अर्थ पेट घेणारा असाच आहे. गॅसच्या टाकीवरची पाटी वाचताना ही चूक महागात पडेल.

दुसरा धोका उलट्या बाजूचा: इतिहासातला सांधा आजच्या बोलणाऱ्याला जाणवतो असं समजणं. ‘हेलिकॉप्टर’ मुळात ‘हेलिको’ आणि ‘प्टर’ असला तरी लोकांनी तो ‘हेलि’ आणि ‘कॉप्टर’ असा तोडला आणि त्यातूनच ‘हेलिपोर्ट’ जन्मला. ‘हॅम्बर्गर’ हा हॅम्बुर्ग शहराच्या नावाला प्रत्यय लागून झालेला, पण ‘बर्गर’ सुटा निघाला तो निघालाच. शब्दाचा इतिहास हवा असेल तर कोशाचं ऐकावं. आज नवा शब्द कसा बनेल हे पाहायचं असेल तर लोक कुठे तोडतात ते पाहावं. एटिमॉनलाइन हा फरक ठळक करून सांगत नाही. नोंद लांब असली की नवखा वाचक त्यात हरवतो. ज्याला निव्वळ तीन घटक हवे आहेत त्यालाही आधी मध्ययुगीन फ्रेंच रूपांतून जावं लागतं.

प्रत्यक्ष काम कसं करावं यासाठी ‘इन्कॉम्प्रिहेन्सिबिलिटी’ हा शब्द बरा. टोकांकडून आत यायचं. शेवटचा ‘इटी’ हा नाम करणारा प्रत्यय काढला. त्याच्या आधीचा ‘इबिल’ म्हणजे ‘इबल’चंच बदललेलं रूप, नुसती अक्षरं कापणारे इथे अडकतात, कारण उरलेल्या तुकड्याला आय-बी-एल-ई हे मूळ शेपूट परत लावावं लागतं. मग पुढून ‘इन’ काढला, मग ‘कॉम’, आणि हातात पकडणं या अर्थाचं ‘प्रिहेन्स’ उरलं. घटक पाच. सिलॅबल मात्र आठ: इन, कॉम, प्रि, हेन, सि, बिल, इ, टी. आघात ‘बिल’वर, कारण ‘इटी’ हा प्रत्यय आघात आपल्या लगेच आधीच्या सिलॅबलवर ओढतो. ‘इक’ आणि ‘शन’ सहसा तेच करतात. ‘फोटोग्राफ’, ‘फोटॉग्रफर’, ‘फोटोग्राफिक’ हे तीन शब्द मोठ्याने वाचले की आघात कसा पळतो ते कळतं, आणि त्याबरोबर स्वरही कसे बदलतात तेही. टोकाचे प्रत्यय आधी ओळखण्याचा मोठा फायदा हाच: मधला भाग वाचायच्या आधीच आघाताची जागा कळलेली असते.

‘शन’बद्दल एक चेतावणी. सिलॅबल म्हणून टी-आय-ओ-एन ही चार अक्षरं एकत्र राहतात, पण प्रत्यय म्हणून ‘अ‍ॅक्शन’मध्ये फक्त आय-ओ-एन आहे, टी मूळ ‘अ‍ॅक्ट’चा. शिकवताना हे दोन्ही एकाच रंगाने अधोरेखित केले की पुढे ‘डिस्कशन’मध्ये टीऐवजी दोन एस कुठून आले हे मुलांना कळत नाही.

लांबीला घाबरण्याचं कारण नाही. फुफ्फुसाच्या आजाराचं नाव म्हणून 1935 च्या सुमारास कोडेप्रेमींनी घडवलेला, ‘न्यूमोनोअल्ट्रा…’ने सुरू होणारा 45 अक्षरांचा शब्द प्रसिद्ध आहे. सिलॅबल 19, पण आतले घटक शिस्तीत एकामागून एक: फुफ्फुस, पलीकडे, सूक्ष्म, दिसणारं, सिलिका, ज्वालामुखी, धूळ, आजार. सुरुवातीचा मुका पी सोडला तर कुठे खळगा नाही. त्यापेक्षा ‘कम्फर्टेबल’ अवघड.

टेक आणि ऑफिस प्रणाल्या

टेकमधली हायफन पद्धत फ्रँक लिआंग यांच्या स्टॅनफर्डमधल्या 1983 च्या प्रबंधातून आली. शब्दकोश सोबत न बाळगता 4447 छोटे अक्षर-नमुने ती वापरते. प्रत्येक नमुन्यात अक्षरांमध्ये अंक असतात. विषम अंक म्हणजे इथे मोड, सम अंक म्हणजे मोडू नको. एकाच जागी अनेक नमुने लागू झाले तर सर्वांत मोठा अंक जिंकतो. कोशातल्या हायफनांपैकी सुमारे 89 टक्के सापडावेत आणि चुकीचा हायफन जवळजवळ नसावा, अशी ती बेतली होती. म्हणजे ती मुद्दाम कमी हायफन देते. खुद्द ‘हायफनेशन’ हा शब्द ती ‘हाय’, ‘फेन’ आणि ‘एशन’ अशा तीनच तुकड्यांत मोडते, सिलॅबल चार असताना. शिवाय शब्दाच्या सुरुवातीच्या तुकड्यात किमान दोन आणि शेवटच्या तुकड्यात किमान तीन अक्षरं ती ठेवतेच. छपाईसाठी हे शहाणपणाचं आहे: एखादा हायफन राहिला तर कोणाला कळत नाही, चुकीचा पडला तर वाचक अडखळतो. सिलॅबल शिकायला मात्र हे साधन वापरू नये.

नमुन्यांना न जुमानणाऱ्या 14 शब्दांची अपवादयादी सोबत येते. त्यात ‘प्रेझेंट’ आणि ‘प्रोजेक्ट’ आहेत, आणि त्यांना हायफन मुळीच दिलेला नाही. नाम आणि क्रियापद वेगळ्या जागी तुटतात आणि यंत्राला वाक्य कळत नाही, म्हणून तोडूच नका असा निर्णय. प्रामाणिक तोडगा. एखादा शब्द कसा मोडेल हे पाहायला ‘शो हायफन्स’ ही आज्ञा आहे. उत्तर पानावर नाही, लॉगमध्ये, म्हणजे टेकने केलेल्या कामाच्या नोंदींत, येतं.

लिब्रेऑफिस ही मोफत ऑफिस प्रणाली याच पद्धतीवर चालते. तिथे आणि टेकवर उभ्या असलेल्या लाटेकमध्येही सर्वांत जास्त बिघाड भाषा चुकीची निवडल्याने होतो. अमेरिकन पद्धत उच्चाराकडे झुकते, ब्रिटिश पद्धत व्युत्पत्तीकडे: ‘नॉलेज’ अमेरिकन नियमाने एल या अक्षरानंतर मोडतो, ब्रिटिश परंपरेत डब्ल्यूनंतर, म्हणजे ‘नो’ हे क्रियापद अखंड राहतं. मराठी मजकुरात इंग्रजी परिच्छेद असेल तर त्या परिच्छेदाला भाषा वेगळी लावावी लागते, नाहीतर हायफन पडतच नाही. वेबपानावर हायफन आपोआप पडायला हवे असतील तर तिथेही भाषेची खूण लावलेली असावी लागते. ती विसरली की ब्राउझर गप्प बसतो आणि दोष फॉन्टला दिला जातो.

सिलॅबल मोजणारी संकेतस्थळं

यातली साधी साधनं स्वर-अक्षरांचे गट मोजतात आणि शेवटचा मुका ई वजा करतात. ‘रेसिपी’चा शेवटचा ई मुका नाही, तिथे एक सिलॅबल कमी पडतो. ‘क्रिएट’ आणि ‘सायन्स’मध्ये शेजारी आलेले दोन स्वर वेगळे उच्चारायचे असतात, तेही एकात जातात. ‘रिदम’मध्ये ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही नाही आणि सिलॅबल दोन आहेत. ‘बिझनेस’मध्ये उलट, एक जास्त मोजला जातो. अशा साधनावर कविता किंवा गाण्याची मात्रा बेतू नये.

जी साधनं कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या उच्चारकोशावर चालतात ती बरी. त्यात 1,34,000 हून अधिक शब्द आहेत आणि प्रत्येक स्वरापुढे आघाताचा अंक असतो: 0 म्हणजे आघात नाही, 1 मुख्य, 2 दुय्यम. अंक मोजले की सिलॅबल मोजले, इतकं सोपं. उच्चार अमेरिकन आहेत हे ध्यानात ठेवावं. नवा घडवलेला शब्द कोशात नसेल तर काही साधनं गुपचूप अक्षरं मोजण्याच्या पद्धतीवर उतरतात आणि तसं सांगत नाहीत. वाटेल तो निरर्थक शब्द टाकून पाहिला आणि आत्मविश्वासाने उत्तर आलं, तर तिथे हेच चाललंय असं समजावं. शिवाय या उच्चारकोशात सिलॅबलच्या सीमा नाहीत, फक्त आवाजांची रांग आहे. तुकडा कुठे संपतो हे हवं असेल तर मेरियम-वेबस्टरची रेघांची ओळ किंवा केंब्रिजची टिंबं उघडावी लागतात.